बाउन हाउस, फ्लशिंग: राहतं क्वेकर घर वारसा वास्तू होताना

न्यूयॉर्कमधल्या मराठी माणसाला फ्लशिंगचा बाउन स्ट्रीट माहीत असतो तो गणपतीच्या देवळामुळे. १९७७ साली प्राणप्रतिष्ठा झालेलं हे देऊळ अमेरिकेतल्या सुरुवातीच्या हिंदू देवळांपैकी एक आहे. तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाऊन बहुतेक जण गाडी काढतात आणि परत जातात. त्याच रस्त्याने उत्तरेकडे चालत निघालं, तर वाटेत स्वामिनारायण मंदिर लागतं, एक जुनं चर्च लागतं, आणि वीसेक मिनिटांत उंच इमारतींच्या मधोमध एक बुटकं लाकडी घर दिसतं. उतरतं छप्पर, छपरात बसवलेल्या छोट्या खिडक्या, भोवती थोडी बाग. रस्त्याला ज्याचं नाव आहे त्या जॉन बाउनचं हे घर साधारण १६६१ सालचं आहे. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराज कोकणात उतरले होते.

एकाच घराण्याच्या नऊ पिढ्या या घरात राहिल्या. १९४५ मध्ये ते घराण्याच्या हातून एका संस्थेकडे गेलं, १९४७ मध्ये लोकांना पाहायला खुलं झालं आणि २००९ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या मालकीचं झालं. मालकीचे हे दोन बदल आणि त्यांच्या मधली साठ-पासष्ट वर्षं हा या अभ्यासाचा विषय आहे. घर, रस्ता, संस्था आणि वर्षं खरी आहेत. निर्णय घेणाऱ्या अलीकडच्या माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण हे निर्णय कोणा एकाच्या स्वभावामुळे झालेले नाहीत. त्यांच्या जागी दुसरं कोणी असतं तरी त्यांच्यासमोर हेच पेच आले असते.

पार्श्वभूमी

फ्लशिंग ही मुळात डच वसाहतीतली इंग्रजांची वस्ती. १६४५ च्या सनदेत डचांनी रहिवाशांना हॉलंडच्या रिवाजाप्रमाणे मनाला पटेल तो धर्म पाळण्याची मोकळीक लिहून दिली होती. पुढे गव्हर्नर पीटर स्टाइव्हसंट याने ती मोकळीक आवळली. डच रिफॉर्म्ड चर्चखेरीज कोणाची जाहीर उपासना त्याला चालत नव्हती, आणि क्वेकर तर मुळीच नाहीत. क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ. त्यांना पाद्री नसतो, विधी नसतात, देऊळ म्हणावं अशी इमारतही नसते. चार माणसं एकत्र बसतात, गप्प राहतात, कोणाला आतून काही सांगावंसं वाटलं तर ते उभं राहून बोलतात. शपथ घेत नाहीत आणि अधिकाऱ्यापुढे टोपी काढत नाहीत. एवढ्यावरच राज्यकर्ते बिथरायचे.

क्वेकरांना आसरा देऊ नका, या हुकुमाविरुद्ध २७ डिसेंबर १६५७ रोजी फ्लशिंगच्या तीस रहिवाशांनी स्टाइव्हसंटला लेखी अर्ज दिला. तो ‘फ्लशिंग रिमॉन्स्ट्रन्स’ या नावाने ओळखला जातो. सही करणारे स्वतः क्वेकर नव्हते, आणि या अर्जाचं मोठेपण मला त्यातच वाटतं. शेजाऱ्याच्या श्रद्धेसाठी त्यांनी स्वतःची मान अडकवून घेतली. यहुदी, तुर्क आणि इजिप्शियन हीसुद्धा आदमचीच लेकरं, तेव्हा प्रेमाचा आणि स्वातंत्र्याचा कायदा त्यांनाही लागू, असं त्यात लिहिलेलं आहे. अर्ज करणाऱ्यांतल्या काहींना अटक झाली आणि गावच्या अधिकाऱ्यांना माघार घ्यावी लागली.

या सह्यांमध्ये जॉन बाउन नाही. तो डर्बीशरमधल्या मॅटलॉकचा, १६२७ चा जन्म, १६४९ मध्ये बॉस्टनला आलेला. क्वेकरांच्या रानातल्या बैठकांना आधी जाऊ लागली ती त्याची बायको हॅना फीक. तिच्या मागोमाग तो गेला, आणि मग बैठका त्यांच्या घरात भरू लागल्या. सप्टेंबर १६६२ मध्ये त्याला पकडलं, दंड ठोठावला. दंड भरायला त्याने नकार दिला, तेव्हा कोठडीत ठेवून १६६३ च्या सुरुवातीला जहाजावर चढवून हद्दपार केलं. आयर्लंडमार्गे तो अॅमस्टरडॅमला पोचला आणि वसाहत चालवणाऱ्या डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे स्वतःची बाजू मांडली. एप्रिल १६६३ मध्ये कंपनीने स्टाइव्हसंटला कळवलं की माणूस शांतपणे, कायद्याने वागत असेल तर त्याच्या सदसद्विवेकाला हात लावू नका. १६६४ मध्ये बाउन घरी परतला. त्याच वर्षी डचांची सत्ता गेली आणि इंग्रजांची आली.

घरातल्या बैठका चालू राहिल्या. क्वेकरांचा आद्य प्रवर्तक जॉर्ज फॉक्स १६७२ मध्ये फ्लशिंगला आला, तेव्हा त्याने घरासमोरच्या ओक वृक्षांखाली प्रवचन केलं. १६९४ मध्ये जवळच स्वतंत्र बैठकगृह बांधलं गेलं, ते आजही उभं आहे. त्यानंतर बाउनांचं घर पुन्हा केवळ घर झालं. पुढच्या गोष्टीसाठी हा तपशील महत्त्वाचा आहे: ज्या घटनेमुळे हे घर वाचवलं गेलं ती तीसेक वर्षांत संपली, आणि घराण्याने तिथे पुढची अडीचशे वर्षं संसार केला.

त्या अडीचशे वर्षांतही बरंच घडलं. बाउनांची मुलगी पार्सन्स घराण्यात गेली आणि घर पार्सन्सांचं झालं. पार्सन्सांनी रोपवाटिका काढली. १८४७ मध्ये बेल्जियमहून आणलेलं वीपिंग बीचचं रोप त्यांनी इथे लावलं. त्याचा प्रचंड वृक्ष झाला, तो १९९८ पर्यंत टिकला. मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कसाठीही त्यांच्या रोपवाटिकेतून झाडं गेली. १८५० मध्ये पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कडक कायदा झाला, त्या सुमारास या घरातल्या एका पार्सन्सला आलेलं पत्र जपलं गेलं आहे. ज्याचा पाठलाग चालू होता अशा एका कृष्णवर्णीय माणसाला मदत करावी, अशी त्यात विनंती आहे. बाउनांनी धर्मासाठी दार उघडलं आणि दोनशे वर्षांनी त्याच घराण्याने माणसासाठी उघडलं. या पत्राचं पुढे काय झालं ते ओघात येईल.

समस्या

विसाव्या शतकात फ्लशिंग गाव राहिलं नाही. १९२८ मध्ये भुयारी रेल्वेचा मार्ग मेन स्ट्रीटपर्यंत आला आणि मॅनहॅटनला नोकरीला जाणाऱ्यांसाठी इथे इमारती उठू लागल्या. बाउनांच्या मूळ जमिनीचे रस्ते आणि भूखंड होऊन गेले होते, उरलं ते घर आणि भोवतालची जागा. जागेची किंमत घरापेक्षा जास्त झाली की काय होतं, हे पुण्यातल्या कुठल्याही पेठेतल्या वाडेवाल्याला सांगायला नको.

कायद्याचा आधारही नव्हता. न्यूयॉर्कचा वारसा वास्तू संरक्षण कायदा झाला १९६५ मध्ये, मॅनहॅटनचं भव्य पेन स्टेशन पाडलं गेल्यानंतर. १९४५ मध्ये हे घर विकून तिथे सहा मजली इमारत बांधायला कोणाचीही आडकाठी नसती. घर वाचवायचं तर ते विकत घेणं हाच एक उपाय होता.

आणि घर लाकडाचं. दगडी वाडा दुर्लक्षातही शंभर वर्षं काढतो, लाकडी चौकटीचं घर काढत नाही. अशा घराचा सगळा भार शेवटी पायाच्या दगडांवर आडव्या टाकलेल्या तळाच्या तुळईवर येतो. ही तुळई जमिनीच्या सगळ्यात जवळ असते. रस्त्याची पातळी थोडी वर आली, पागोळ्यांचं पाणी भिंतीलगत साचलं, की ओल तिथेच धरते. वरून रंग नवा दिसतो, फळ्या ठाकठीक दिसतात, आणि आत तुळईचा भुसा झालेला असतो. मग खांब खचतो, दाराची चौकट वाकडी होते, दार लागेनासं होतं. बहुतेकदा लोकांच्या लक्षात येतं ते दारावरून.

पर्याय

१९४५ मध्ये समोर काय काय होतं ते पाहू. कागदोपत्री कोणी यादी केली असेल-नसेल, पण हे मार्ग त्या काळात अमेरिकेत प्रत्यक्ष वापरले जात होते.

पहिला मार्ग होता घराण्यानेच राहत राहण्याचा. नऊ पिढ्या तो चालला. पण घर सांभाळणारे वारस थोडे उरले की तो आपोआप संपतो. फिलाडेल्फियातल्या जर्मनटाउन भागातलं विक हे क्वेकर घर असंच नऊ पिढ्या एका घराण्याकडे होतं. १९७३ मध्ये शेवटच्या मालकिणीने त्याचा स्वतंत्र न्यास केला. घराण्याने स्वतः न्यास करून देणं हा त्यातला सगळ्यात सुटसुटीत प्रकार, पण त्यासाठी घराबरोबर पैसाही ठेवावा लागतो.

दुसरा, घर उचलून दुसरीकडे नेण्याचा. लाकडी घराच्या बाबतीत हे शक्य असतं. फ्लशिंगमध्येच किंग्जलंड होमस्टेड हे अठराव्या शतकाच्या अखेरचं क्वेकर घराण्याचं घर १९६८ मध्ये मूळ जागेवरून हलवलं आणि बाउन हाउसच्या शेजारी, त्या वीपिंग बीचच्या बागेत आणून ठेवलं. ते वाचलं, उत्तम झालं. पण बाउनांच्या घराला हे लागू पडत नव्हतं. फॉक्सने जिथे प्रवचन केलं ती जागा समोर, बैठकगृह जवळ, आणि घटनेचा सगळा अर्थ ‘या गावात, या उंबऱ्यात’ असा. ते हलवलं असतं तर लाकूड वाचलं असतं आणि बाकीचं मागे राहिलं असतं.

तिसरा मार्ग नव्याने बांधण्याचा. पेनसिल्व्हेनियात विल्यम पेन या क्वेकर संस्थापकाचं पेन्सबरी मॅनर हे घर पार नाहीसं झालं होतं. १९३० च्या दशकात जुन्या पायावर ते पुन्हा उभारलं गेलं. त्या काळातल्या माणसाला हा मार्ग मोहात पाडणारा होता: स्वच्छ, संपूर्ण, चित्रात काढल्यासारखं सतरावं शतक.

चौथा, सरकारने घेण्याचा. आणि पाचवा, स्थानिक नागरिकांनी संस्था स्थापून वर्गणीतून विकत घेण्याचा.

कृती: १९४५ ते १९४७

पाचवा मार्ग निवडला गेला. बाउन हाउस हिस्टॉरिकल सोसायटी स्थापन झाली, वंशजांकडून घर घेतलं गेलं आणि धर्मस्वातंत्र्याचं स्मारक म्हणून त्याची ओळख ठरवण्यात आली. वेळ अचूक साधली होती. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, धर्मावरून माणसं मारली गेल्याच्या बातम्या ताज्या होत्या. १९४६ ते १९५० या काळात संयुक्त राष्ट्रांची आमसभा याच फ्लशिंगच्या मैदानावरच्या इमारतीत भरत असे. अशा वेळी ‘अमेरिकेत श्रद्धेचं स्वातंत्र्य इथे रुजलं’ हे एक वाक्य शाळेतल्या मुलाला, वर्गणी देणाऱ्याला आणि महापौरालाही एका दमात कळत होतं. १९५७ मध्ये रिमॉन्स्ट्रन्सला तीनशे वर्षं झाली तेव्हा अमेरिकी टपाल खात्याने धर्मस्वातंत्र्यावर तीन सेंटचं तिकीट काढलं.

एका वाक्यात सांगता येणारी गोष्ट निवडणं हा पहिला मोठा निर्णय. त्याने घर वाचलं यात मला शंका नाही. त्याची किंमतही होती. एकदा घराला ‘१६६२ चं घर’ ठरवलं की बाकीची अडीचशे वर्षं मागच्या खोलीत जातात. पार्सन्सांची रोपवाटिका, १८५० चं पत्र, घरात राबणारी माणसं, ज्यांच्या जमिनीवर फ्लशिंग वसलं ते मॅटिनेकॉक लोक, हे सगळं पुरवणीत जातं. शिवाय क्वेकरांच्या बाबतीत एक अवघडलेपणही होतं. जे लोक कुठलीच वास्तू पवित्र मानत नाहीत, सुरुवातीच्या काळात ज्यांनी थडग्यांवर नावाचे दगडही लावले नाहीत, त्यांच्या स्वयंपाकघराला तीर्थस्थान म्हणायचं! मला वाटतं, तो निर्णय फ्लशिंगकरांचा होता, क्वेकरांचा नव्हे, आणि फ्लशिंगकरांना तो अधिकार होता. रिमॉन्स्ट्रन्सवर सह्या करणारेही क्वेकर नव्हतेच.

दुसरा निर्णय: कुठल्या काळाचं घर दाखवायचं? घर १६६१ मध्ये बांधून तसंच राहिलं नव्हतं. बाउनांच्या हयातीतच ते वाढलं, नंतर पिढ्यांनी खोल्या जोडल्या, छप्पर बदललं. सगळी भर काढून टाकून मूळ छोट्या घरापर्यंत जाता आलं असतं. तसं झालं नाही, आणि मी या निर्णयाला पूर्ण गुण देईन. भर काढल्यावर खाली १६६१ सापडतंच असं नाही. बरेचदा सापडते ती आपली कल्पना. आणि काढलेली भर परत आणता येत नाही. घराण्याचं सामानसुमान, भांडी, कागदपत्रं घरातच राहिली, हेही मोठं भाग्य. बाहेरून जुना माल आणून सजवलेली ऐतिहासिक घरं पुष्कळ असतात. आजी-पणजीने वापरलेली वस्तू तिच्याच घरात पाहायला मिळणं विरळा.

मधली वर्षं

१९६६ मध्ये घराला शहराच्या वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, १९७७ मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचं नाव चढलं. (त्याच वर्षी खाली रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गणपतीची प्रतिष्ठापना झाली. एका रस्त्याचा हा योग मला फार आवडतो.) इथे बऱ्याच लोकांचा एक गैरसमज असतो. वारसा दर्जा म्हणजे सरकार आता घर सांभाळणार, असं वाटतं. तसं नसतं. दर्जा तुम्हाला घर पाडू देत नाही, बाहेरचं रूप परवानगीशिवाय बदलू देत नाही. कुजलेली तुळई बदलायला पैसे देत नाही. उलट दुरुस्ती योग्य लाकडाने, योग्य पद्धतीनेच करावी लागते, म्हणून ती महागते.

तिकिटाच्या आणि वर्गणीच्या पैशात रोजचा खर्च भागतो: दिवाबत्ती, विमा, बाग, वाटाड्याचं मानधन. छप्पर, पाया आणि चौकट हे पिढीतून एकदा येणारे खर्च आहेत आणि ते सगळे एकदम येतात. स्वयंसेवकांच्या छोट्या संस्थेची गाडी अडते ती इथेच. बाउन हाउसच्या बाबतीतही विसाव्या शतकाच्या अखेरीस घराच्या हाडापर्यंत जाणारी दुरुस्ती टाळता येणार नाही अशी वेळ आली. २००० च्या सुमारास घर पाहुण्यांसाठी बंद करण्यात आलं.

कळीचा निर्णय: मालकी कोणाची, कारभार कोणाचा

घर बंद करणं हाही निर्णयच होता, आणि कठीण. उघडं ठेवलं तर माणसांच्या पावलांनी कमकुवत जमिनीवर ताण, शिवाय कोणाला इजा झाली तर संस्थाच संपेल. बंद केलं तर उत्पन्न थांबतं, शाळांच्या सहली थांबतात. पाच वर्षांत शिक्षकांची एक फळी बदलते आणि नव्यांना घर माहीतच नसतं. दुरुस्तीसाठी पैसे मागायला जावं तर देणारा म्हणतो, घर तर बंद आहे, दाखवणार काय?

या कोंडीतून वाट निघाली ती २००९ मध्ये. संस्थेने घर न्यूयॉर्क शहराच्या स्वाधीन केलं. शहराच्या उद्यान विभागाच्या मालकीची अशी दोन डझनांच्या आसपास जुनी घरं आहेत, आणि त्यांच्यासाठी १९८९ पासून हिस्टॉरिक हाउस ट्रस्ट नावाचा न्यास काम करतो. त्याची घडी अशी: इमारत शहराची, घर चालवणं मात्र त्या त्या घराच्या स्वतंत्र संस्थेकडे. इमारतीच्या मोठ्या कामांसाठी शहराचा भांडवली निधी वापरता येतो. संग्रह, वाटाडे, शाळांचे कार्यक्रम आणि संशोधन संस्था बघते.

साठ वर्षं ज्यांनी घर सांभाळलं त्यांनी त्याच्या मालकीवर पाणी सोडायचं, हे सोपं नसतं. भीती रास्त असते: उद्या शहराचा प्राधान्यक्रम बदलला तर? एखाद्या वर्षी अंदाजपत्रकात काटछाट झाली तर? सरकारी निविदांच्या वेगाने एक छप्पर बदलायला दहा वर्षं लागली तर? या शंका खोट्या नाहीत. पण दुसऱ्या बाजूला कुजणारी तुळई होती आणि ती सभेच्या ठरावासाठी थांबत नाही. मालकीचा मान आणि इमारतीची चौकट यांतलं एकच राखता येणार असेल तर चौकट राखावी, हा निर्णय मला पटतो. बाउन हाउसच्या साऱ्या इतिहासातला १९४५ नंतरचा हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता.

दुरुस्तीचं काम आतून-बाहेरून टप्प्याटप्प्याने झालं. असं काम दिसायला कंटाळवाणं असतं. घराखाली जॅक लावून चौकट केसभर उचलायची, तुळईचा कुजका भाग तेवढाच कापायचा, चांगला भाग राखून त्याला नव्या लाकडाचा जोड घालायचा, मग भार हळूहळू खाली सोडायचा. अख्खी तुळई काढून नवी घालणं कमी वेळात होतं, पण सतराव्या शतकातल्या सुताराच्या हत्याराच्या खुणा त्या जुन्या लाकडावरच असतात. जे लाकूड अजून भार पेलतं ते काढायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की काम चौपट लांबतं आणि घर खरं राहतं.

अंगणात पुरातत्त्वज्ञांनी केलेल्या उत्खननाचा उल्लेखही करायला हवा. पायाजवळ खणायचंच असेल तर आधी पुरातत्त्वज्ञाने खणावं आणि मग कंत्राटदाराने. तीनशे वर्षांचा केरकचरा, फुटकी भांडी, हाडं त्या मातीत असतात, आणि एका नालीच्या खोदाईत ती कायमची विस्कटू शकतात.

फलित

घर उभं आहे, मूळ जागी आहे, आणि वाटाड्याबरोबर ठरलेल्या वेळी पाहता येतं. आज तिथे सांगितली जाणारी गोष्ट १९४५ पेक्षा रुंद आहे. हॅना आता केवळ जॉनची बायको म्हणून येत नाही. तिने स्वतः क्वेकर प्रचारक म्हणून समुद्रापार प्रवास केला आणि १६७८ मध्ये लंडनमध्ये तिचा मृत्यू झाला, हे सांगितलं जातं. पार्सन्सांच्या गुलामगिरीविरोधी कामामुळे, आणि त्यात १८५० च्या त्या पत्राचा मोठा वाटा आहे, राष्ट्रीय उद्यान सेवेने पळून आलेल्या गुलामांच्या गुप्त वाटांशी जोडलेल्या स्थळांच्या जाळ्यात या घराची नोंद घेतली. घर उभं ठेवलं लाकडाच्या दुरुस्तीने, पण त्याला दुसरं आयुष्य दिलं कागदाच्या एका तुकड्याने.

तरीही एक बाजू अवघड राहते. क्वेकर गुलामगिरीविरोधी होते, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धाबद्दल बरोबर आहे. त्याआधीच्या शंभर वर्षांत क्वेकर कुटुंबांतही गुलाम बाळगले जात, आणि न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरी संपली ती १८२७ मध्ये. धर्मस्वातंत्र्याच्या तीर्थस्थानाला ही गोष्ट सांगणं जड जातं. ती सांगितल्याने बाउन लहान होत नाही. क्वेकरांनी स्वतःच्याच लोकांना समजावत, बैठकीतून काढून टाकत, पिढीभर भांडून ही प्रथा सोडवली, हे उलट अधिक शिकण्यासारखं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पैसा. १९४५ मध्ये घर घेण्यासाठी जो उत्साह होता त्याच उत्साहात दुरुस्तीचा अखंड निधी उभा करायला हवा होता, ज्याचं फक्त व्याज वापरायचं. घर वाचवण्याच्या वेळी लोक देतात, वाचल्यानंतर तितकं देत नाहीत. पहिल्या आवाहनातच निम्मी रक्कम खरेदीची आणि निम्मी डागडुजीची असं सांगितलं, तर देणारे तेव्हा मान्य करतात.

दुसरं, शहराशी वाटाघाटी घर बंद पडण्याच्या आधी व्हायला हव्यात. १९८९ मध्ये तो न्यास निघाला तेव्हा ही घडी उपलब्ध होती, हस्तांतरण झालं वीस वर्षांनी. मधल्या वीस वर्षांत घर बंद झालं. इमारत धडधाकट असताना बोलणी केली तर अटी आपल्या बाजूच्या राहतात: संग्रह संस्थेचाच, कार्यक्रम संस्थेचे, दुरुस्तीचा क्रम दोघांनी मिळून ठरवायचा. तुळई कुजल्यावर बोलणी केली तर अटी समोरचा घालतो.

तिसरं, बंद काळातलं काम. घर बंद असलं तरी बाहेरून पुष्कळ करता येतं. रिमॉन्स्ट्रन्सचं मूळ अस्सल ऑल्बनीच्या राज्य अभिलेखागारात आहे. १९११ च्या आगीत त्याच्या कडा होरपळल्या. २००७ मध्ये साडेतीनशे वर्षांच्या निमित्ताने ते फ्लशिंगला दाखवायला आणलं गेलं, तेव्हा आपल्या गावचा कागद पाहायला लोक आले. घराचं दार बंद असताना गोष्ट गावात फिरवायची, हे त्या वेळी साधलं. असं दर वर्षी काहीतरी करणं अवघड नव्हतं.

आणि चौथी गोष्ट शेजाऱ्यांची. या घराभोवती आज चिनी, कोरियन आणि भारतीय वस्ती आहे. पार्सन्स बुलेव्हार्डवर गुरुद्वारा आहे, बाउन स्ट्रीटवर दोन हिंदू मंदिरं आहेत. १६५७ चा अर्ज ज्यांच्यासाठी लिहिला होता असं म्हणता येईल, ती माणसं त्याच रस्त्यावर राहायला आली, आणि त्यांतल्या बहुतेकांना हे घर कशाचं ते माहीत नाही. गणेशोत्सवात रथ निघतो तेव्हा हजारो लोक या भागात असतात. त्या दिवशी घराचं दार उघडं ठेवून मंदारिन, कोरियन, पंजाबी, तमिळ, मराठीत दोन पानांची माहिती हातात द्यावी. खर्च छपाईचा. स्वयंसेवक देवळातच सापडतील, न्यूयॉर्कच्या मराठी मंडळींतही सापडतील.

शेवटी एक व्यवहारी मुद्दा, जो कुठल्याही जुन्या घराच्या वारसांशी बोलणाऱ्या संस्थेला लागू पडेल. खरेदीखतात घराबरोबर माळ्यावरच्या पेट्या, हिशेबाच्या वह्या आणि पत्रव्यवहारही नोंदवून घ्यावेत, आणि पहिल्या वर्षीच त्यांची यादी करावी. १८५० चं पत्र वाचलं म्हणून घराच्या इतिहासात एक शतक वाढलं. ते रद्दीत गेलं असतं तर पार्सन्सांनी कोणाला मदत केली हे सांगायला ऐकीव गोष्टींपलीकडे काही उरलं नसतं, आणि राष्ट्रीय नोंदीसाठी ऐकीव गोष्ट चालत नाही.